आधी तास, मग संकल्प: बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीच्या वार्षिक ध्येयांचा प्रकरण अभ्यास

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) कॉमर्स, आता राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बेळगावातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी, आई-बाबा, भाऊ आणि वैनी. संध्याकाळी गल्लीतल्या पाच-सहा मुलांची शिकवणी घेते, त्यातून तिचा वरखर्च निघतो. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. सीमाभागातून रोज शहरात ये-जा करणाऱ्या मुलामुलींच्या नेहमीच्या अडचणी इथे एका वहीत गोळा केल्या आहेत, त्यामुळे आकडे एका घरचे वाटले तरी पद्धत कुणालाही लावून पाहता येईल.

गेल्या वर्षाचं पान

1 जानेवारीला वहीच्या पहिल्या पानावर आठ संकल्प लिहिले होते: रोज पाच तास अभ्यास, इंग्रजी बोलायला शिकणं, कन्नड लिहिता-वाचता येणं, वर्षात 24 पुस्तकं, रोज व्यायाम, मोबाइल कमी, टॅलीचा (संगणकावर हिशोब ठेवण्याचा) कोर्स आणि दहा हजार रुपये शिल्लक.

डिसेंबरात अशा पानासमोर बसलं की मुलं बरोबर-चूक अशा खुणा करतात आणि वही मिटतात. त्या खुणांतून काहीच कळत नाही. या प्रकरणात चार रकाने आखले: संकल्प जसा लिहिला तसा, प्रत्यक्षात काय झालं, कोणत्या आठवड्यात थांबलं, आणि त्या आठवड्यात घरात-कॉलेजात काय चाललं होतं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जड गेला आणि कामाचाही तोच ठरला.

हा रकाना आठवणीवर भरू नये. आठवण "मार्चपर्यंत नीट चाललं होतं" असं सांगते, आणि पुरावा बहुतेक वेळा जानेवारीचा तिसरा आठवडा दाखवतो. पुरावे मोबाइलातच पडलेले असतात. पैशांसाठी यूपीआयचा व्यवहारांचा इतिहास, पुस्तकांसाठी वाचनालयाच्या कार्डावरच्या तारखा, क्लाससाठी हजेरी, अभ्यासासाठी अंतर्गत परीक्षांचे गुण आणि वहीतल्या सोडवलेल्या गणितांवरच्या तारखा. कोणत्या आठवड्यात काय चाललं होतं हे फोटो गॅलरी सांगते: लावणीचे फोटो, गणपतीचे, कुणाच्या तरी हळदीचे. मोबाइलच्या वापराची नोंद मात्र फोनमध्ये मागच्या काही आठवड्यांचीच सापडते, त्यामुळे वर्षभराचा आकडा मिळत नाही. तो रकाना रिकामा ठेवला. अंदाज लिहून तो भरायचा नाही.

हाती आलेलं चित्र असं. टॅली पूर्ण. पुस्तकं सात. शिल्लक 2,900 रुपये. कन्नड पाट्या वाचण्यापुरतं आलं, लिहिता शून्य. इंग्रजी बोलण्याची सुरुवातच नाही. "रोज पाच तास" मोजायला काही पुरावाच नाही. व्यायामापुढे तिने शून्य लिहिलं होतं, पण घरापासून बसथांब्यापर्यंत अडीच किलोमीटर जाऊन-येऊन रोज पाच किलोमीटर चालणं होतच होतं. व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार किंवा पळणं एवढंच डोक्यात असल्यामुळे ते मोजलं गेलं नाही. तो संकल्प नव्या पानावरून सरळ काढून टाकला.

टॅली का झाली

बाकी सगळं ढेपाळत असताना हा एकच संकल्प तडीस का गेला? जिद्द तर आठही संकल्पांना सारखीच होती. टॅलीची फी आधी भरली होती. बॅच आठवड्यात तीन दिवस, कॉलेज सुटल्यावर, ठरलेल्या वेळी. दोन दिवस दांडी मारली की क्लासमधून फोन यायचा. आणि कोर्स तीन महिन्यांत संपणारा होता. इतर सात संकल्पांना यातलं काहीच नव्हतं: वेळ नाही, जागा नाही, विचारणारं माणूस नाही, शेवट नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 साली याच मुद्द्यावर लेख लिहिला. "मी अभ्यास करीन" यापेक्षा "अमुक घडलं की मी तमुक जागी तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवणारे लोक काम जास्त वेळा पार पाडतात, असं त्यात मांडलं आहे. टॅलीच्या बॅचने तिच्यासाठी हे "घडलं की" परस्पर ठरवून टाकलं होतं.

168 तासांचा हिशोब

संकल्प लिहिण्याआधी आठवड्याचे तास मोजायचे. हे काम एका संध्याकाळचं आहे, पण बहुतेक जण ते टाळतात, कारण उत्तर आवडत नाही.

आठवड्याचे तास 168. झोप रोज सात, म्हणजे 49. कॉलेज सहा दिवस पाच तासांप्रमाणे 30. थांब्यापर्यंतची चाल, बसची वाट आणि प्रवास मिळून रोज तीन, म्हणजे 18. घरकाम, पाणी, म्हशींचं बघणं रोज अडीच, म्हणजे साडेसतरा. आंघोळ-जेवण वगैरे रोज दोन, म्हणजे 14. शिकवणी सहा. रविवारचं धुणं आणि बाजार चार. बेरीज साडे-138. उरले साडे-29.

"रोज पाच तास" म्हणजे आठवड्याला 35. संकल्प लिहिला त्या क्षणीच तो साडेपाच तासांनी तुटीत होता, आणि ही मुलगी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत राहिली.

उरलेले साडे-29 सुद्धा पूर्ण हाती लागत नाहीत. पाहुणे येतात, बस चुकते, पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की खेड्यात वीज कधी येईल सांगता येत नाही. अनुभवाने सहा दशांश धरावेत, म्हणजे साडेसतरा तास. हा वाटा कुणाचा पाच दशांश असेल, कुणाचा सात. दोन आठवडे रोज रात्री खरे तास लिहून आपला आकडा काढायचा. पहिल्या अंदाजात माणूस स्वतःला जास्तच वेळ देतो. काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 सालीच या चुकीला नाव देऊन ठेवलं आहे (प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे नियोजनातला भ्रम), आणि ती माहीत असूनही होते.

मग वर्षाचे आठवडे. 52 मधून लावणीचे दोन, गणपतीचे दोन, सुगीचे तीन, दिवाळीचा एक, गावच्या जत्रेचा एक, लग्नसराई आणि आजारपणाचे मिळून दोन, आणि दोन सत्रांच्या परीक्षांचे सहा वजा केले. उरले 35. गुणिले साडेसतरा, म्हणजे सुमारे 600 तास. वर्षभराची पुंजी एवढीच. नवे संकल्प यातच बसवायचे.

सुगीचे आठवडे वजा करण्यावरून घरोघरी वाद होतो. मुलांना वाटतं, पहाटे उठून करू. पण भात कापणी आणि मळणीच्या दिवसांत पहाट सगळ्यांत आधी जाते, आणि रात्री अंग इतकं दुखतं की वही हातात धरवत नाही. "सुगीत पुस्तक कसलं घेऊन बसतीस?" हे आईचं वाक्य तिला टोमणा वाटत होतं. हिशोबाच्या दृष्टीने ती माहिती आहे आणि ती जानेवारीतच धरायला हवी. या तीन आठवड्यांत अभ्यासाचं लक्ष्य शून्य लिहावं. त्यातूनही काही झालं तर ते वरकड.

जानेवारीची अडचण

विषम सत्राच्या परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास येतात, तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. म्हणजे 1 जानेवारी हा विद्यार्थ्याच्या वर्षातला सगळ्यात वाईट मुहूर्त. परीक्षेच्या तोंडावर आठ नव्या सवयी लावायला घेतल्या, तर परीक्षेनंतर त्यातली एकही शिल्लक राहत नाही. तिच्या तिसऱ्या रकान्यात पाच संकल्पांपुढे जानेवारीचाच आठवडा होता.

नव्या सुरुवातीला तारखेचा आधार लागतो हे खरं. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 साली दाखवलं की आठवड्याचा, महिन्याचा, सत्राचा पहिला दिवस किंवा वाढदिवस अशा खुणेच्या दिवसांनंतर लोक ध्येयाच्या कामाला जास्त लागतात. पण तो दिवस 1 जानेवारीच हवा असं काही नाही. इथे आढावा डिसेंबरात घेतला आणि नवं पान सहाव्या सत्राच्या पहिल्या सोमवारपासून सुरू केलं. पहिला तपास गुढीपाडव्याला, कारण तेव्हा सत्र ऐन मध्यात असतं आणि दुरुस्तीला वेळ उरतो.

नवं पान

आठाचे तीन झाले: सहावं सत्र, बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी आणि कन्नड. 600 तासांची वाटणी अशी: सत्राला 230, बँकेला 220, कन्नडला 60, वाचनाला 30 आणि राखीव 60. राखीव तासांना कुणीही हात लावायचा नाही, अगदी उत्साहाच्या भरातही.

बँकेच्या ध्येयात एक तारखेची गाठ होती. आयबीपीएसच्या (सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) क्लार्क परीक्षेला पदवी लागते, आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला असावा लागतो. शेवटच्या सत्राचा निकाल त्याआधी लागला नाही, तर त्या वर्षी अर्जच करता येत नाही. तो निकाल तिच्या हातात नाही. म्हणून "यंदा बँकेत नोकरी" हा संकल्प खोडून "नोव्हेंबरपर्यंत पूर्वपरीक्षेचे 40 सराव पेपर, वेळ लावून" असा लिहिला. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30, अंकगणिताचे 35 आणि तर्कशक्तीचे 35 असे 100 प्रश्न, प्रत्येक भागाला 20 मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. एक पेपर सोडवायला तास आणि चुका तपासायला दोन तास धरले तर 40 पेपरांचे 120 तास होतात. उरलेले 100 कच्च्या भागाला. मुलं पेपर सोडवतात आणि तपासणी टाळतात, त्यामुळे तिसाव्या पेपरातही त्याच चुका असतात.

सत्राच्या अभ्यासाचं मोजमाप तासांवरून कामावर आणलं. तास मोजले की माणूस पुस्तक उघडून बसतो आणि घड्याळ चालतं. आयकर आणि परिव्यय लेखांकन यांसारख्या विषयांत आठवड्याला बारा गणितं, उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहून पाहिलेलं जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात दिसलं आहे. आयकराबाबत एक सूचना. वरच्या वर्गातल्या ताईचं जुनं पुस्तक घेऊन चार पैसे वाचतात, पण दर, सवलती आणि कलमं बदलत असल्यामुळे जुन्या आवृत्तीतली उत्तरं चुकीची निघतात. त्या एका विषयाचं पुस्तक नवंच घ्यावं.

प्रत्येक ध्येयाखाली एक "की" असलेलं वाक्य आणि एक किमान वाटा लिहिला. "शिकवणीची मुलं गेली की त्याच सतरंजीवर दोन गणितं." किमान वाटा एक गणित. सतरंजी गुंडाळून ठेवली की पुन्हा पसरायला होत नाही, म्हणून जागा तीच ठेवली. वाईट दिवशी किमान वाटा झाला तरी दिवस भरला असं धरायचं.

शिल्लक टाकण्याचं ध्येय वेगळ्या कागदावर गेलं, कारण त्याला तास लागत नाहीत. शिकवणीची फी यूपीआयच्या खात्यात यायची आणि तिथूनच खर्च व्हायची. पोस्टातली आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून सुरू होते, पण मुदत पाच वर्षांची. एका वर्षासाठी बँकेची बारा महिन्यांची ठेव बरी. महिना 500 रुपये आपोआप वळते केले, की व्याज सोडून 6,000 होतात. दहा हजारांचा आग्रह सोडला.

मोबाइलचा संकल्पही बदलला. "कमी" म्हणजे काय करायचं ते हाताला कळत नाही. रात्री साडेनऊला फोन स्वयंपाकघरातल्या पॉइंटवर चार्जिंगला, एवढंच लिहिलं. यात एक खोच निघाली. वर्गाच्या नोट्स व्हॉट्सअॅपवरच येत होत्या, त्यामुळे अभ्यासाचं निमित्त सांगून फोन पुन्हा खोलीत यायचा. मग आठवड्याच्या नोट्स शनिवारी कॉलेजजवळ झेरॉक्स काढून आणायचं ठरलं.

बसमधले तास

गेल्या वर्षीची 24 पुस्तकं बसमध्ये वाचायची होती. कागदावर हे छान दिसतं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे. मुलींचा पासाचा खर्च वाचला, घरातून शिकायला पाठवणंही सोपं झालं, आणि सकाळची बस खच्चून भरली. बसायला जागा मिळाली तर नशीब. एका हाताने दांडी धरून उभ्याने कुणी पुस्तक वाचत नाही.

कान मात्र मोकळे असतात. म्हणून बसचे तास कन्नडला दिले. दर रविवारी वीस वाक्यं मराठी, थोडी जागा सोडून कन्नड, अशी स्वतःच्या आवाजात फोनवर भरून ठेवायची आणि आठवडाभर ऐकायची. मधल्या मोकळ्या जागेत मनात उत्तर द्यायचं, नाहीतर ते नुसतं गाणं होतं. उच्चार शेजारच्या कन्नड काकूंकडून तपासून घ्यायचे.

लिहिण्यासाठी बस चालत नाही. मराठी मुलांना कन्नड वर्णमालेचा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो देवनागरीसारखाच आहे. अडतं दोन ठिकाणी: ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगवेगळे आहेत, आणि जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली ओत्ताक्षर होऊन येतं, त्याचा आकार पुष्कळदा मूळ अक्षरासारखा दिसत नाही. पाट्या वाचून ओत्ताक्षरं ओळखू येतात, पण लिहिता येत नाहीत, आणि नेमकं इथेच गेल्या वर्षी ती थांबली होती. उपाय म्हणून आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, वर्तमानपत्राचा एक मथळा आणि खालच्या चार ओळी पाहून उतरवायच्या, मग न पाहता. बारा आठवड्यांत हात बसतो. त्यानंतर अर्जाचा मसुदा आणि छोटं पत्र.

कुठेच न लिहिलेली कामं

हिशोबात एक खड्डा नेहमी राहतो, तो कार्यालयीन कामांचा. यूयूसीएमएसवर (विद्यापीठांच्या ऑनलाइन पोर्टलवर) परीक्षेचा अर्ज आणि शुल्क, एसएसपीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यासाठी नाडकचेरीतून (दाखले देणाऱ्या स्थानिक महसूल कार्यालयातून) जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, बँक खातं आधारला जोडलेलं आहे की नाही याची खात्री. दाखल्यावरचा आरडी क्रमांक (दाखल्याचा ओळख क्रमांक) अर्जात भरावा लागतो. मुदत संपलेला दाखला शेवटच्या आठवड्यात लक्षात आला, की तीन-चार दिवस खेपांत जातात, आणि ते नेमके अंतर्गत परीक्षेचे दिवस असतात. शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक असेल तर आणखी वेळ. मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना नावं हमखास बदलतात. दाखल्याची मुदत, नावांचा मेळ आणि आधार जोडणी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तपासायची असं पानावर लिहिलं. राखीव 60 तासांतले वीस यासाठीच आहेत.

पाडव्याचा तपास

सत्र सुरू होऊन काही आठवडे झाल्यावरची स्थिती अशी. गणितं आठवड्याला बाराऐवजी सरासरी नऊ. कन्नड ऐकणं नियमित, उतरवणं तीनऐवजी दोनदा. ठेवीचे हप्ते बिनचूक, कारण त्यात तिने काही करायचंच नव्हतं.

बिघाड एकाच ठिकाणी मोठा झाला. चुलत बहिणीच्या लग्नात चार दिवस गेले. तिने राहिलेली आठ गणितं पुढच्या आठवड्याच्या बारांत मिळवली, रविवारी वीस करायला बसली, सातव्याला कंटाळली आणि पुढचे पाच दिवस वहीच उघडली नाही. चार दिवसांच्या खंडाने काही बिघडलं नव्हतं, थकबाकी वसूल करण्याने बिघडलं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात एखादी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागल्याचं दिसलं, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून नियम असा घातला: राहिलेलं पुढे ओढायचं नाही. त्या आठवड्यापुढे जे झालं ते लिहायचं आणि सोमवारी नव्याने बारा धरायची. लग्नाचे दिवस 17 सुट्टीच्या आठवड्यांत आधीच वजा आहेत, ते पुन्हा भरून काढणं म्हणजे एकच देणं दोनदा देणं.

लक्ष्य बारावरून दहावर आणलं. नऊ होत असताना बारा तसंच ठेवलं, तर वही दर आठवड्याला अपयश दाखवते.

पुढचा धोका जुलैपासून. कॉलेज संपलं की प्रवासाचे 18 आणि वर्गाचे 30 तास मोकळे होतील असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात "घरीच तर आहेस" म्हणून लावणी, पाहुण्यांचा चहा, वैनीच्या बाळाला सांभाळणं हे सगळं तिच्याकडे येतं. नियोजनात त्या महिन्यांनाही साडेसतराच धरले आहेत, आणि त्यातले दहा तास घराबाहेर, आठवड्यातून दोन दिवस शहरातल्या वाचनालयात बसून करायचे. याबद्दल आईशी आणि बाबांशी आत्ताच बोलून घेतलं. जुलैत ऐन कामाच्या धांदलीत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

एक निर्णय अजून उघडा आहे. क्लार्कच्या अर्जात एकच राज्य निवडता येतं, आणि त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता आणि समजता यावी लागते. कर्नाटक निवडलं तर कन्नडचे 60 तास कमी पडतील, बँकेच्या तासांतून आणखी तीस काढावे लागतील. महाराष्ट्र निवडला तर परीक्षेसाठी कन्नड लिहिण्याची गरज उरत नाही, पण नोकरी लागली तर घर सोडावं लागेल आणि हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. निर्णयाची तारीख शेवटच्या पेपरनंतरचा रविवार ठेवली आहे. तोवर ओत्ताक्षरं आठवड्यातून तीनदा.